शिवलेला प्राणी, वाढलेला प्राणी

आजचा विषय ऐकायला पोरकट वाटेल, पण तो मुद्दाम घेतला आहे. दोन प्राणी घ्या, त्यांचा एक करा आणि त्याला शास्त्रीय नाव द्या, हा खेळ शाळेत, चित्रकलेच्या वर्गात, लेखनाच्या शिबिरात सगळीकडे चालतो. हत्तीचं डोकं, मोराचं शेपूट, खाली दोन लॅटिन वाटणारे शब्द, झालं. मुलांनी केलं तर त्यात वाईट काहीच नाही. पण मोठ्या माणसांनी असा प्राणी पुस्तकात आणला, की समीक्षकानं विचारायलाच हवं : ह्यातला कुठला प्राणी जगतो आणि कुठला नुसता शिवलेला असतो?

आधी नियमाची बाजू थोडक्यात सांगून टाकू. प्राण्यांना नावं कशी द्यायची याची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. आपल्या खेळातल्या दोन्ही गोष्टी तिनं दाराबाहेर ठेवल्या आहेत. निव्वळ काल्पनिक जीवाला दिलेलं नाव ती मानत नाही, आणि संकराला संकर म्हणून दिलेलं नावही मानत नाही. वनस्पतिशास्त्रात संकरासाठी गुणाकाराच्या चिन्हाची सोय तरी आहे. खेचराला मात्र शास्त्रात स्वतःचं नाव नाही. बाप गाढव, आई घोडी, एवढंच त्याचं कागदपत्र. याचं कारण गंमतशीर आहे. वर्गीकरणाचं झाड वर जाताना फांद्या फोडत जातं, आणि दोन फांद्या पुन्हा एकमेकींना चिकटलेल्या दाखवायला त्यात जागाच नाही. म्हणजे हत्ती अधिक मोर असा प्राणी काढून तुम्ही त्याला गण, कुल, प्रजाती, जाती लावायला बसलात, की तुम्हाला एक बाजू घ्यावीच लागते. हा मुळात हत्तीच्या घराण्यातला, आणि पिसारा त्याला नंतर फुटला? की मोराच्या घराण्यातला, आणि सोंड ही चोचीचीच करामत? ही निवड ज्यानं केली नाही त्यानं वर्गीकरण केलंच नाही, चित्राखाली चिठ्ठी चिकटवली.

आता कुणी म्हणेल, मिश्र प्राण्यांचं वर्गीकरण आपल्याकडे होतंच की. होतं, आणि ते पाहण्यासारखं आहे. देवळांच्या भिंतींवर व्याल असतात, ते तुम्ही पाहिलेच असतील : मागच्या पायांवर उभं राहिलेलं सिंहासारखं धूड आणि त्याला कधी हत्तीचं, कधी घोड्याचं, कधी पोपटाचं तोंड. पश्चिम भारतातल्या 'अपराजितपृच्छा' या शिल्पग्रंथानं व्यालांचे तोंडावरून सोळा प्रकार केले, प्रत्येकाच्या सोळा ठेवणी सांगितल्या आणि हिशेब २५६ वर नेला. ही शुद्ध वर्गीकरणाची हौस आहे. पण तिचा प्रश्न वेगळा आहे. हा कुठून आला, काय खातो, पिल्लं कशी वाढवतो, यात शिल्पीला रस नाही. तो भिंतीवर कसा बसेल, शेजारच्या मूर्तीशी कसा जुळेल, हे त्याला हवं आहे. त्यामुळे व्यालाला जगण्याची जबाबदारी नाही आणि म्हणूनच त्याच्यात खोटही काढता येत नाही. या व्यालाच्या मापानं पुढची पुस्तकं मोजू नका आणि त्या पुस्तकांच्या मापानं व्यालही मोजू नका, एवढंच आमचं म्हणणं.

शिवलेल्या प्राण्याची सगळ्यात चांगली गोष्ट लिनियसची आहे. साल १७३५. तरुण लिनियस हॅम्बुर्गला आला. तिथे एका मातब्बर घरात सात डोक्यांचा हायड्रा जपून ठेवला होता, त्याची मोठी किंमत सांगितली जात होती. लिनियसनं पाहिलं आणि सांगितलं की जबडे आणि पंजे विझलचे आहेत, म्हणजे आपल्या मुंगसासारख्या एका शिकारी प्राण्याचे, आणि वरून सापाची कातडी डकवली आहे. मालकाचा राग अंगावर येणार हे दिसताच त्यानं गावातून काढता पाय घेतला. त्याच वर्षी त्याचं 'सिस्टिमा नॅचुरी' छापलं गेलं आणि त्यात 'विरोधाभासी प्राणी' असा एक कोपरा होता : हायड्रा, फिनिक्स, एकशिंगी, ड्रॅगन. म्हणजे ज्यानं झाड लावलं त्यानंच झाडाखाली एक अडगळीची पेटीही ठेवली होती. पुढच्या आवृत्त्यांतून ती गेली. जाता जाता सांगतो, त्या पेटीत पेलिकनही होता. बिचारा खरा पक्षी, पण स्वतःच्या छातीचं रक्त पिल्लांना पाजतो ही दंतकथा त्याला चिकटली होती, म्हणून ड्रॅगनच्या पंगतीला बसला.

उलटी गोष्ट प्लॅटिपसची. १७९९ मध्ये जॉर्ज शॉनं त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि हे कुणी हातचलाखीनं जोडलेलं असावं असा संशय मनात येतो, हेही तिथेच लिहून ठेवलं. संशयात चूक नव्हती, कारण पूर्वेकडून शिवून आणलेल्या जलपऱ्या तेव्हा युरोपात विकल्या जात. त्यानं दिलेलं प्लॅटिपस हे प्रजातीनाव तर आधीच एका भुंग्याला दिलेलं निघालं. मग खरी भांडणं सुरू झाली ती जागेवरून. केस आहेत म्हणजे सस्तन. मग अंड्यांचं काय? हा अंडी घालतो असं ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी सांगत असल्याच्या नोंदी होत्या, पण त्या पुराव्यात धरल्या गेल्या नाहीत. १८८४ मध्ये कॉल्डवेलनं अंडं प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा मान्य झालं. पंच्याऐंशी वर्षं! चोच बदकाची, शेपूट बीव्हरचं, ही आपली उपमा होती. त्या प्राण्याचा बदकाशी काही संबंध नाही. तो त्याच्या फांदीवर सरळ वाढलेला आहे, जोड आपल्या नजरेत होता.

हे एवढं हाताशी ठेवून आता आजच्या मुख्य पुस्तकाकडे येऊ.

जर्मन भाषेत हाराल्ट श्ट्युम्पके नावाच्या लेखकाचा एक प्रबंध आहे, ऱ्हायनोग्राडेन्शिया या सस्तन गणाची रचना आणि जीवन असा त्याचा विषय. इंग्रजी भाषांतर १९६७ मध्ये आलं. हे प्राणी नाकावर चालतात. आम्ही आपसांत त्यांना 'नाकचाले' म्हणतो, आजही तेच म्हणू. लेखक खोटा, बेटं खोटी, प्राणी खोटे. खरा माणूस गेरोल्फ श्टाइनर, व्यवसायानं प्राणिशास्त्रज्ञ. पुस्तकात तो स्वतःला फक्त चित्रकार आणि उपसंहाराचा लेखक म्हणून ठेवतो. बी मात्र आणखी जुनं आहे. क्रिस्टियान मॉर्गेनश्टेर्नच्या १९०५ च्या संग्रहात एक छोटी कविता आहे, तिच्यातला प्राणी पिल्लाला बरोबर घेऊन अनेक नाकांवर चालत जातो. कवीच सांगतो की हा तुम्हाला ज्ञानकोशात सापडायचा नाही, तो माझ्या वीणेतून निघालेला आहे. पुढे एका प्राणिशास्त्रज्ञानं त्याला कोशात जागा करून दिली आणि नाव ठेवलं नासोबेमा लिरिकम. त्या 'लिरिकम'मध्ये ती वीणा आहे. कवीचं ऋण जातीच्या नावात फेडलेलं आम्ही दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पुस्तकात चौदा कुलं आणि १८९ जाती आहेत. ही संख्या पाहून कुणाला वाटेल, लेखकानं डोक्याला येईल ते काढलं. तसं नाही. श्टाइनरनं एकच गोष्ट मोकळी सोडली आहे, नाक. बाकी सगळे नियम त्यानं पाळले. सुरुवातीला चिचुंद्रीसारखा एक जुनाट प्राणी, तो अजून चार पायांवर पळतो, खाताना तेवढा नाकावर उभा राहतो. तिथून फांद्या फुटतात. एकाच्या नाकाला सांधे येतात आणि तो नाकानं उडी मारतो, तीही उलट दिशेला. त्याचा नातेवाईक ऑटोप्टेरिक्स उडी मारून झाल्यावर कान हलवतो आणि उडत राहतो, अर्थात तोही मागे मागे. एक जण पाण्यावर झुकलेल्या दांड्यावर बसून नाकातून लांब चिकट धागे सोडतो, त्यांना चिकटलेले बारीक जीव वर ओढून खातो. (हशा) हसा, पण ही रीत कोळ्याच्या जाळ्याहून फार वेगळी नाही. आणि एक शिकारी, टिरॅनोनेसस इम्पेरेटर. ह्याचं भक्ष्य नासोबेमा. शिकारी आणि भक्ष्य दोघंही नाकांवर चालणारे, त्यामुळे दोघंही संथ. जगातला सगळ्यात हळू पाठलाग असेल तो!

ऑटोप्टेरिक्स कानांनी उडतो, इथे थोडं थांबा. आपल्यापैकी कुणी उडणारा सस्तन प्राणी काढला असता तर पाठीवर पंख लावले असते. सिंहाला पंख, घोड्याला पंख. पण कणा असलेल्या, जमिनीवर राहणाऱ्या सगळ्या प्राण्यांचा आराखडा चार अवयवांचा आहे. पक्ष्याचे पंख हे त्याचे पुढचे पाय, वटवाघळाचे पंख हे त्याचे हात. चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे सहा होतात, आणि सहा अवयवांचा पूर्वज त्या फांदीवर कुठेच नाही. श्टाइनरला उडवायचा होताच, पण त्यानं सातवी गोष्ट बाहेरून आणून जोडली नाही. डोक्यावर जे होतं, कान, तेच वाढवलं. शिवलेला आणि वाढलेला यांतला फरक हाच. शिवणारा बाहेरून तुकडे आणतो. वाढवणारा आतल्याच एखाद्या अवयवाला नवं काम देतो आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत भोगतो. नाकावर उभं राहायचं तर डोकं खाली, मग तोंड कुठे, श्वास कुठून, पायांचं काय होईल, हे प्रश्न पुस्तकात पानोपानी सोडवलेले आहेत. निवडीचा जो प्रश्न आपण सुरुवातीला घेतला, त्याचं उत्तर इथे प्रत्येक जातीला द्यावं लागलं आहे. म्हणून हे वर्गीकरण खोटं असूनही विद्यार्थ्याला खरं वर्गीकरण शिकवतं.

आता आम्हाला खटकलेली जागा. बेटांचा शोध कसा लागला? जपान्यांच्या कैदेतून सुटलेला एक स्वीडिश माणूस १९४१ मध्ये तिथे पोचतो. त्याच्या आडनावातच स्वीडिश भाषेत 'थट्टा' आहे. बेटांवर माणसं राहत होती. पाहुण्यानं आणलेल्या सर्दीनं ती सगळी मेली. पुस्तकात हे जेमतेम उल्लेखापुरतं येतं आणि लेखक पुढे नाकांकडे वळतो.

सर्दी! नाकांच्या पुस्तकात माणसं नाकाच्या आजारानं मरतात. विनोद म्हणून हे चपखल आहे. पण पॅसिफिकच्या बेटांवर हे खरंच घडलेलं आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका जहाजानं पश्चिम सामोआत इन्फ्लुएन्झा उतरवला आणि पाचांतला एकाहून जास्त माणूस गेला. हे ठाऊक असलेल्या वाचकाला ते वाक्य ओलांडून उडणाऱ्या कानांकडे इतक्या सहज जाता येत नाही. मग लेखक निर्दय आहे का? आमच्यात यावर बराच वाद झाला. एक मत असं, की हा त्या काळच्या युरोपीय विद्वानाचा सरळ आंधळेपणा आहे, तो विनोदाच्या नावाखाली माफ करू नये.

आम्ही शेवटी दुसऱ्या बाजूला आलो, आणि त्याचं कारण पुस्तकाच्या शेवटात आहे. उपसंहारात कळतं की जवळपास गुप्तपणे केलेल्या अणुस्फोटामुळे सगळी बेटं समुद्रात गेली. नाकचाले गेले, आणि नेमके त्याच वेळी तिथे जमलेले नाकचाल्यांचे जगातले सगळे तज्ज्ञही गेले, श्ट्युम्पके धरून. पुस्तक उरलं, कारण चित्रं काढण्यासाठी साहित्य श्टाइनरकडे पाठवलेलं होतं. हेही त्याच थंड सुरात सांगितलं आहे. म्हणजे मूळ रहिवासी ज्या सुरात मेले, त्याच सुरात प्राध्यापकही मेले. आंधळ्या लेखकानं स्वतःच्या बिरादरीसाठी तरी दोन ओळी हळहळ काढली असती. इथे ती नाही. आणि हा निव्वळ कल्पनाविलासही नव्हता. १९४६ मध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटावरच्या १६७ माणसांना हलवलं आणि पुढची बारा वर्षं तिथे अणुचाचण्या केल्या. तेव्हा श्टाइनरच्या विनोदाचं टोक, आमच्या मते, त्या सुराकडेच वळलेलं आहे : १८९ जाती मोजून नोंदवणारा आणि माणसांना एका वाक्यात उरकणारा सूर. अर्थात पहिलं मत मांडणाऱ्यांचं समाधान झालेलं नाही, हेही इथे नोंदवतो.

नावानं प्राण्याला काय मिळतं याचं एक वेगळं उदाहरण आठवतं. १९७५ मध्ये पीटर स्कॉट आणि रॉबर्ट राइन्स यांनी 'नेचर' या नियतकालिकात लॉक नेसच्या राक्षसाला रीतसर नाव दिलं, नेसिटेरास ऱ्होम्बोप्टेरिक्स. हेतू असा, की नाव असल्याशिवाय कायद्याचं संरक्षण मिळत नाही. थोड्याच दिवसांत कुणी अक्षरं उलटसुलट करून पाहिली आणि 'मॉन्स्टर होक्स बाय सर पीटर एस' असं वाक्य निघालं. योगायोग की खोडी, ते सोडा. प्राणी नसला तरी त्याचा अर्ज भरून तयार होता.

आता घराजवळ. आपल्या वाचकांना सुकुमार राय सत्यजित रायांचे वडील म्हणून माहीत असतात, ते स्वतः वाचले जायला हवेत. 'आबोल ताबोल' १९२३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांत प्रसिद्ध झालं. त्यात खिचडीवरची एक कविता आहे आणि तिच्यात हे दोन-दोन प्राण्यांचे एक झालेले जीव आहेत. हाँसजारू म्हणजे हाँस आणि सजारू, बदक आणि साळिंदर. बकच्छप म्हणजे बक आणि कच्छप. हातिमि म्हणजे हाती आणि तिमि. वरवर पाहिलं तर हे शिवलेले प्राणी. मग आमच्या कसोटीवर ते नापास व्हायला हवेत. पण होत नाहीत, आणि का होत नाहीत हे मराठीत आणायला बसलं की कळतं.

हाँसजारू मराठीत कसा आणाल? 'बदसाळिंदर' जमत नाही. 'बदिंदर' तर कुणाच्या मुलाचं नाव वाटेल. पण बदकाऐवजी हंस घेतला, की 'हंसाळिंदर' चटकन होतो, कारण हंसाचा शेवटचा स आणि साळिंदराचा पहिला सा एकमेकांत मिसळतात. बंगालीत नेमकं हेच झालं आहे. मात्र आता पक्षी बदलला. बंगाली हाँस म्हणजे घरामागच्या डबक्यातलं बदक, आपला हंस म्हणजे मानससरोवरातला, नीरक्षीरवाला. साळिंदराचे काटे त्या दोघांवर सारखे दिसत नाहीत. बकच्छप तर जसाच्या तसा येतो, कारण बक आणि कच्छप आपल्याकडेही संस्कृतातून आलेले आहेत. पण 'बगळा' आणि 'कासव' म्हणायला गेलात तर तो मेलाच.

म्हणजे रायांचे प्राणी कशानेही कसेही चिकटत नाहीत. दोन शब्दांत एक अक्षर सामाईक असेल तरच संकर होतो. खऱ्या संकराचंही असंच काहीसं आहे. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, एवढी जवळीक आहे म्हणून खेचर जन्माला येतं, तेही ६३ गुणसूत्रं घेऊन आणि बहुधा वांझ. कवितेच्या सुरुवातीलाच राय कंसात सांगून टाकतात की आपण व्याकरण मानत नाही. तो आव आहे. संधीचे नियम त्यांच्याइतके कुणी पाळले नसतील. त्यांच्या प्राण्यांचा गण व्याकरणात सापडतो, एवढंच.

त्यांची दुसरी कृती 'हेशोराम हुशियारेर डायरी'. ही 'संदेश' या मुलांच्या मासिकात आली होती. कॉनन डॉयलच्या 'द लॉस्ट वर्ल्ड'ची ती थट्टा आहे. एक प्राध्यापक डोंगरात जातो, त्याला प्राचीन प्राणी भेटतात आणि तो धडाधड नावं देत सुटतो. हावऱ्याला हँग्लाथेरियम, तोंड पाडून बसलेल्याला गोमडाथेरियम, ओरडणाऱ्याला चिल्लानोसोरस, आणि केविलवाण्याला बेचाराथेरियम. बंगाली विशेषण, ग्रीक शेपूट. मराठीत 'हावराथेरियम' सहज चालेल. 'थेरियम' म्हणजे श्वापद, आणि ते काही हवेतून आलेलं नाही. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेल्या जिराफाच्या अवाढव्य नातेवाइकाला फॉकनर आणि कॉटली यांनी १८३६ मध्ये शिवाथेरियम असं नाव दिलं होतं. हाडं इथली, देव इथला, शेपूट ग्रीक, सही साहेबांची. रायांनी फक्त शिवाच्या जागी 'बेचारा' ठेवला. हसताना लक्षात येतं, की ही नावं प्राण्याबद्दल काही सांगत नाहीत. तो प्राणी त्या पाच मिनिटांत प्राध्यापकाला कसा दिसला, तेवढंच सांगतात. गोमडाथेरियम कदाचित आपल्या घरी हसराही असेल! श्टाइनरला वर्गीकरण आवडतं म्हणून तो थट्टा करतो. राय नाव देणाऱ्याची थट्टा करतात. प्राणिशास्त्र शिकायचं असेल तर पहिलं पुस्तक घ्या, पण नाव ठेवणारा माणूस बघायचा असेल तर ह्या काही पानांच्या डायरीला तोड नाही.

[श्रोत्यांतून प्रश्न : किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतो, तो तुम्ही कुठे बसवाल?]

चांगलं विचारलंत. शरभ सिंहासारखा, कधी पंख असलेला, पंजांत हत्ती धरलेला. पुराणात त्याला आठ पाय सांगितले आहेत. चार अवयवांच्या फांदीवर तो बसत नाही, हे आत्ताच झालं. बसवायचाच असेल तर निवड करा. पंख हे पुढचे पाय धरले तर हत्ती कशात पकडणार? पंजे ठेवायचे तर पंख कशाचे झाले, आयाळीचे? इथून पुढे तुम्ही श्टाइनरच्या वाटेनं जाऊ शकता, आणि मराठीत असा प्रबंध कुणी लिहिला तर आम्ही आनंदानं वाचू. दुतोंडी गंडभेरुंडाचं उलट सोपं आहे. दोन डोक्यांनी नवी जात होत नाही. दोन तोंडांची वासरं, साप कधीमधी जन्मतात, ती आपल्याच जातीची असतात. मात्र शरभाचे हत्ती मोजायला विसरू नका. दरवाजावर तो कुणाला घाबरवण्यासाठी कोरला आहे, हे त्याच्या पायांच्या संख्येपेक्षा हत्तींच्या संख्येवरून जास्त कळतं.

जाता जाता एक बातमी, जुनी आहे पण ऐकलेली नसेल. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर डुकरासारख्या नाकाचा एक उंदीर सापडला. २०१५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. प्राणी खरा, नमुने संग्रहालयात ठेवलेले, नाव संहितेनुसार वैध. नाव आहे हायोऱ्हायनोमिस श्ट्युम्पकेई, कधीच नसलेल्या त्या लेखकाच्या सन्मानार्थ.